चढत्या समुद्रात आपले पाणकोट कसे टिकतील?

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने शिवकालाशी नातं सांगणारे बारा किल्ले 'मराठा लष्करी भूदृश्य' म्हणून जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या अकरांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राला भिडलेले आहेत. बातमी आली तेव्हा गावोगाव आनंद झाला, तो व्हायलाच हवा होता. पण त्याच सुमारास एक प्रश्नही कानावर येऊ लागला: समुद्राची पातळी वाढतेय म्हणतात, मग सिंधुदुर्ग पाण्याखाली जाणार का?

आपल्या नातवंडांच्या हयातीत तरी नाही. सिंधुदुर्गाचा तट साधारण तीस फूट उंच आहे, आणि समुद्र इतक्यात तेवढा चढत नाही. एवढ्यावर निश्चिंत व्हावं असं मात्र मुळीच नाही. पाणकोटाला, म्हणजे चहूबाजूंनी पाणी असलेल्या किल्ल्याला, बुडण्याच्या कितीतरी आधी झीज खाते. ही झीज कशी होते हे कळलं, तर कोणता उपाय किल्ला वाचवतो आणि कोणता उपाय त्याचाच घात करतो, हे ओळखता येतं.

समुद्र चढतोय म्हणजे नेमका किती?

1901 ते 2018 या काळात जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली. जवळजवळ एक वीत. खरी काळजी वेगाची आहे. गेल्या शतकाच्या पहिल्या सात दशकांत पातळी वर्षाला साधारण 1.3 मिलिमीटरने चढत होती. 2006 ते 2018 या काळात तो वेग 3.7 मिलिमीटर झाला. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या हवामानविषयक समितीच्या 2021 च्या अहवालातले हे आकडे आहेत. आपण कोळसा-तेल किती जाळतो यावर पुढचं अवलंबून आहे, पण या शतकाच्या अखेरीपर्यंत समुद्र सुमारे 30 सेंटिमीटर ते 1 मीटर चढेल असा तिथला अंदाज आहे. कारणं मुख्यतः दोन: तापलेलं पाणी फुगतं, आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो.

आता कोणीही विचारेल की मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, रोजच्या भरती-ओहोटीत पाणी इतकं वरखाली होतं, तिथे वीतभराची काय मातब्बरी? घराच्या उंबरठ्याचा विचार करा. उंबरठा सहा इंच उंच असेल तर अंगणातलं पाणी दहा वर्षांतून एखाद्या वेळी घरात शिरतं. तोच चार इंच झाला, तर दर दोन वर्षांनी शिरेल. दोन इंच झाला, तर पाऊस थोडा जोराचा झाला की घरात पाणी. पाऊस तेवढाच, अंगण तेच, फक्त ओलांडायची उंची कमी झाली. किल्ल्याच्या तटाचंही तसंच आहे. पूर्वी तटाच्या ज्या थरापर्यंत फक्त वादळातली लाट पोचायची, तिथे आता साधं अमावास्येचं उधाण पोचू लागतं.

आणि वादळंही वाढली आहेत. अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजला जायचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी काढलेल्या हिशेबानुसार 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांपेक्षा सुमारे 52 टक्क्यांनी जास्त होती. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते सगळ्या कोकण किनाऱ्याला घासत गुजरातेत गेलं.

लाट दगड फोडत नाही, सांधा उकलते

तट लांबून अखंड दगडाचा वाटतो, पण त्याची रचना तीन पदरी असते. बाहेरून घडीव दगडांची भिंत, आतून दुसरी भिंत, आणि दोहोंच्या मध्ये दगडगोटे-मातीची भर. लाट आपटते तेव्हा दोन दगडांमधल्या फटीत पाणी आणि हवा कोंडली जाते, दाबली जाते. लाट मागे सरताच तो दाब एकदम सुटतो आणि बाहेर येताना फटीतला चुना, चिपा, वाळू ओढून नेतो. एका लाटेने काही होत नाही. पण समुद्र पावसाळ्यात रात्रंदिवस हेच करत असतो. सांधा पोकळ झाला की एक दगड सैल होतो, तो निसटला की त्याच्यावरचे लोंबकळतात.

वरून दुसरा हल्ला पावसाचा. तटाच्या माथ्यावर पडलेलं पाणी उतरून जावं म्हणून मूळ बांधकामात पन्हळी आणि मोऱ्या असतात. त्या माती-झाडोऱ्याने बुजल्या की पाणी मधल्या भरीत मुरतं, भर जड होते आणि भिंतीला आतून बाहेर ढकलू लागते. भिंत फुगते. खालून लाटेने पाया पोकळ केलेला आणि वरून भर फुगलेली, अशा भिंतीला मग एखादा मुसळधार दिवस पुरतो. हवामान बदलात थोड्या वेळात खूप पाऊस पडण्याचे प्रसंग वाढत चालले आहेत, म्हणून ही बाब समुद्राच्या पातळीइतकीच गंभीर धरायला हवी. ऑगस्ट 2020 मध्ये विजयदुर्गाच्या तटाचा एक भाग ढासळला, तो ऐन पावसाळ्यातच.

मीठ काय करतं?

कोकणातल्या कुठल्याही घराच्या भिंतीला लोणा लागलेला आपण पाहतो. रंग पोपडे होऊन सुटतो, खाली पांढरी भुकटी दिसते, बोट लावलं की भिंतच भुगा होऊन हाताला लागते. पाणकोटाच्या दगडात हेच होतं. खारं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं, उन्हाने पाणी उडून जातं, मीठ आत राहतं आणि त्याचे खडे वाढू लागतात. वाढायला जागा नसल्यामुळे ते दगडाचे कण आतून सुटे करतात. पुन्हा भरती, पुन्हा ऊन, पुन्हा खडे.

यातली एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. सतत पाण्याखाली असलेला दगड मिठापासून त्या मानाने सुरक्षित असतो, कारण तो वाळतच नाही. सर्वांत जास्त मार बसतो तो भिजणाऱ्या आणि वाळणाऱ्या पट्ट्याला. समुद्र चढला की हा पट्टा वर सरकतो, आणि ज्या थरांनी इतकी वर्षं नुसता खारा वारा सोसला ते रोज खाऱ्या पाण्यात भिजू लागतात.

सह्याद्रीचा काळा पाषाण इतका कठीण, त्याला मीठ काय करणार, असंही म्हटलं जातं. पण सगळा काळा पाषाण सारखा नसतो. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून काही थर सच्छिद्र झाले, काही थरांत मऊ खनिजं भरली. आणि दक्षिण कोकणात, गोव्यात मुबलक असलेला जांभा तर जात्याच भोकाभोकांचा.

पद्मदुर्गाची भिंत

मुरूडच्या समुद्रात जंजिऱ्याच्या वायव्येला पद्मदुर्ग आहे. सिद्दीला शह द्यायला शिवाजी महाराजांनी तो कासा बेटावर बांधला. तिथली समुद्राकडची भिंत ज्याने पाहिली तो ती विसरत नाही. दगड कित्येक इंच आत झिजलेत, आणि त्यांच्यामधला चुना मात्र जसाच्या तसा, पातळ पाळीसारखा पुढे आलेला. एकेका दगडाच्या जागी एकेक कोनाडा. त्यात हात घातला तर खरखरीत दगड मनगटाच्याही आत लागतो, आणि कडेचा चुना नखाने खरवडत नाही.

बरोबरची माणसं ही भिंत अभिमानाने दाखवतात. पाहा आमच्या लोकांचा चुना! तो अभिमान रास्त आहे, असा चुना आज चुन्याच्या घाण्यात मळून देणारे कारागीर शोधावे लागतात. पण मला त्या भिंतीत एक इशाराही दिसतो. वारसा-संवर्धनाचा साधा नियम असा की सांध्यातला माल दगडापेक्षा किंचित नरम असावा. मग ओल आणि मीठ सांध्यातून बाहेर पडतं, झीज सांध्याला होते, आणि सांधा दर काही वर्षांनी पुन्हा भरता येतो. दगड पुन्हा भरता येत नाही. पद्मदुर्गावर सांधा टिकला आणि दगड गेला. तिथल्या कारागिरांना दोष देण्याचं काही कारण नाही, मिळाला तो दगड घेऊन शत्रूच्या तोफांसमोर त्यांनी किल्ला उभा केला. पण आपण आज दुरुस्तीला हात घालताना ती भिंत डोळ्यांपुढे ठेवायला हवी.

"मग सिमेंट भरून पक्कं करून टाका"

ही सूचना सर्वांत जास्त येते आणि सर्वांत जास्त नुकसान हीच करते. सिमेंटचा सांधा बहुतेक वेळा जुन्या दगडापेक्षा घट्ट आणि टणक असतो. ओल त्यातून बाहेर पडत नाही, म्हणून ती दगडातून वाट काढते आणि मीठ दगडात साठतं. शिवाय सिमेंटमध्ये स्वतःचे क्षारही असतात. दुरुस्तीनंतर भिंत दोन-चार वर्षं नवीकोरी दिसते, मग सांध्याच्या चौकटी शाबूत आणि आतले दगड भुगा, असं दृश्य तयार होतं. आत लोखंडी सळ्या घातल्या असतील तर आणखी वाईट. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, गंजताना फुगतं आणि दगड फाडतं.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला तर सिमेंट भरणं म्हणजे त्याची रचनाच मारणं. ओहोटीला चालत जाता येतं असा हा किल्ला. त्याच्या तटाचे प्रचंड चिरे चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर बसवलेत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, काम अर्धवट राहिलं. खरं तर लाट आपटली की पाणी त्या फटींतून आत शिरतं, तिचा जोर फुटतो, आणि मागे सरताना पाणी त्याच वाटेने निघून जातं. दाब कोंडायला जागाच ठेवलेली नाही. त्या फटी कोणी चांगल्या हेतूने बुजवल्या, तर शतकानुशतकं लाटेचा जोर जिरवणारी भिंत उद्या तो जोर अंगावर घेऊ लागेल.

दुरुस्ती व्हायलाच हवी, पण त्या-त्या किल्ल्याची रीत ओळखून: जिथे चुना आहे तिथे तपासून जुळवलेला चुना, जिथे कोरडी रचना आहे तिथे कोरडीच.

"चारी बाजूंनी संरक्षक भिंत घाला"

काँक्रीटची उभी भिंत लाटेला परतवते, जिरवत नाही. परतलेली लाट भिंतीच्या पायाशी वाळू उकरते, पाणी खोल होतं, आणि खोल पाण्यात पुढची लाट आणखी मोठी येते. किनाऱ्यावर भिंत घातली की बऱ्याचदा तिच्या टोकापलीकडची पुळण खचते. धूपप्रतिबंधक बंधारा एका वाडीला वाचवतो आणि शेजारच्या वाडीची झोप उडवतो, हे कोकणात नवं नाही. किल्ल्यापुढे वाळू रोखणारी जेट्टी बांधली तरी असंच होतं.

लाट जिरवायची रीत वेगळी असते. 1679 मध्ये खांदेरी बांधताना तटाबाहेर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, दगड सुटे टाकून ठेवले. लाट त्यांच्यावरच फुटून तटापर्यंत कमी जोराने जाते. त्या दगडांवर धारदार कालवं चढली, त्यांनी दगड एकमेकांना जखडले आणि शत्रूच्या अनवाणी सैनिकाला तिथून पाय टाकणंही कठीण केलं. आजचे समुद्र-अभियंते याच तत्त्वावर उतरते दगडी बांध घालतात. तमिळनाडूत महाबलीपुरमच्या किनारी मंदिराला समुद्रापासून वाचवण्यासाठी पुरातत्त्व खात्याने मोठमोठे दगड टाकून लाटा मंदिरापर्यंत पोचण्याआधीच फोडल्या आणि बाजूला सुरूची झाडं लावली.

तरी हाही उपाय डोळे मिटून करायचा नाही. दगड कुठे टाकायचे, किती उताराने, वाळू कुठून कुठे वाहते, हे आधी वर्षभर मोजावं लागतं. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांना लागू असलेल्या नियमांतही वारसास्थळं सर्वांत जपायच्या वर्गात धरलेली आहेत. ही परवानगी म्हणजे कटकट, असं मला वाटत नाही. घाईत टाकलेला दगड काढायला टाकण्यापेक्षा जास्त खर्च येतो.

कांदळवनं लावली तर?

जिथे रुजतील तिथे जरूर. टांझानियाच्या किनाऱ्यावरचं किल्वा किसिवानी हे मध्ययुगीन बंदराचं ठिकाण समुद्राच्या धुपेमुळे 2004 मध्ये युनेस्कोच्या 'धोक्यातला वारसा' यादीत गेलं होतं. दगडी बांध, कांदळवनाची लागवड आणि गावकऱ्यांना हाताशी धरून केलेली डागडुजी यांमुळे 2014 मध्ये ते त्या यादीतून बाहेर आलं. आपल्याकडे वसई, रेवदंडा, वाघोटन खाडीच्या मुखाशी असलेला विजयदुर्ग, अशा जागी खाडीकडच्या अंगाला कांदळवन उपयोगी आहे. पण त्याला चिखल आणि शांत पाणी लागतं. पद्मदुर्गाच्या किंवा सिंधुदुर्गाच्या उघड्या खडकावर ते तगणार नाही.

"साडेतीनशे वर्षं टिकले, पुढेही टिकतील"

पहिली दीडशे वर्षं ते टिकले कारण त्यांवर माणसं नांदत होती. गडाला गडकरी होते, गवंडी होते, पावसाळ्याआधी मोऱ्या साफ होत होत्या, निसटलेला दगड त्याच हंगामात बसत होता. मराठी सत्ता गेली तशी ही शिबंदीही गेली. पुढची दोनशे वर्षं किल्ले आपल्या मूळच्या ताकदीवर उभे राहिले. आज पुढ्यात उंच समुद्र, जास्त वादळं आणि तटात मुळं घातलेले वड-पिंपळ, अशा तिन्ही गोष्टी एकदम आल्या आहेत.

सिंधुदुर्गाचं उदाहरण घ्या. 25 नोव्हेंबर 1664 ला मालवणच्या कुरटे बेटावर मुहूर्त झाला. पाया बसवताना शिसं ओतलं, त्याचं कौतुक आपण सगळे ऐकत आलो. पण बेटावर किल्ला जगला तो दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरींवर. छोट्या बेटावरचं गोडं पाणी म्हणजे मुरलेला पाऊस. तो जमिनीखाली जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. समुद्र चढला की खालचं खारं पाणीही वर येतं, आणि विहिरीतून उपसा जास्त झाला तर आणखी लवकर. पर्यटक वाढतील, हॉटेलं मागतील, उपसा वाढेल. तट शाबूत आणि विहिरी मचूळ, असा सिंधुदुर्ग झाला तर तिथे राहणाऱ्या मोजक्या कुटुंबांनी काय प्यायचं? या तीन विहिरींचा खारेपणा दर महिन्याला मोजून लिहून ठेवायला फार पैसा लागत नाही.

"माणसांची घरं समुद्रात चाललीत, तुम्हाला किल्ल्यांचं पडलंय"

या प्रश्नात तथ्य आहे, तो झटकून टाकू नये. निवड करायची वेळ आली तर माणूस आधी. पण बहुतेक वेळा ही निवड करावीच लागत नाही, कारण वाळूउपसा थांबवणं, पुळण जपणं, खाडी बुजू न देणं, नव्या जेट्टीआधी प्रवाह तपासणं, यांनी वाडीही वाचते आणि किल्लाही. मालवणात किल्ल्याची फेरी मारणाऱ्या होडीवर कितीतरी घरांची चूल चालते, हाही हिशेब धरायला हवा.

सगळं वाचणार नाही, मग काय जपायचं?

काही भिंती जातील. पुढच्या पन्नास वर्षांत समुद्राच्या थेट माऱ्यावरचा प्रत्येक बुरूज वाचवता येईल, असं सांगणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे. म्हणून जे जाणार आहे त्याची आधी नीट मोजणी करून ठेवायची. लेझरने केलेल्या मोजणीत भिंतीचा दगड न् दगड मिलिमीटरपर्यंत नोंदता येतो, आणि पाच वर्षांनी पुन्हा मोजलं की झीज कुठे किती ते आकड्यात कळतं. आज बहुतेक चर्चा 'खूप झिजलंय हो' एवढ्यावर थांबते, कारण तुलनेला जुना आकडाच नाही.

यादीतल्या बारा किल्ल्यांपैकी आठ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, तर खांदेरीसह चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. दोघांनी एकाच पद्धतीने मोजलं तरच आकडे जुळतील. शिवाय पद्मदुर्ग, कुलाबा आणि जंजिरा या यादीत नाहीतच. सर्वांत उघड्या माऱ्यावरचे किल्ले मानांकनाबाहेर राहिलेत, म्हणून निधी वाटताना यादीकडे न पाहता झिजेकडे पाहावं, असं माझं ठाम मत आहे.

वेळेचाही प्रश्न आहे. जूनपासून होड्या बंद होतात, म्हणजे नुकसान होत असताना किल्ल्यावर कोणी जाऊ शकत नाही. काम करायला मिळतात ते ऑक्टोबर ते मे. त्यात निधी मंजूर होऊन हातात यायला फेब्रुवारी उजाडला, तर 31 मार्चच्या आत खर्च करायच्या घाईत चुना भिजवून मुरवायलाही वेळ राहत नाही आणि मग सिमेंटची गोणी उघडली जाते. पाणकोटांच्या डागडुजीचा पैसा सलग तीन-चार वर्षांसाठी एकदम मंजूर झाला, तर ही घाईच उरणार नाही.

आणि पावसाळा संपल्यावर किल्ल्यावर सर्वांत आधी पाऊल टाकतात ते होडीवाले आणि मच्छीमार. कुठला दगड यंदा जागेवर नाही, हे त्यांना अहवाल येण्याआधी माहीत असतं. स्कॉटलंडमध्ये किनाऱ्यावरच्या झिजत्या अवशेषांची नोंद गावातल्या स्वयंसेवकांनी फोनवर फोटो काढून केली आणि तज्ज्ञांनी त्यावरून कामाचा क्रम लावला. आपल्याकडे प्रत्येक पाणकोटावर दहा-बारा जागा ठरवून तिथे खुणा केल्या, आणि ऑक्टोबरमधल्या पहिल्या फेरीला व मे महिन्यातल्या शेवटच्या फेरीला मोठ्या ओहोटीच्या वेळी तिथूनच फोटो घेतले, सोबत तारीख, वेळ आणि मोजपट्टी ठेवली, तर दोन हंगामांत कुठला सांधा आधी भरायचा ते ठरवता येईल. त्या होडीवाल्याला या कामाची मजुरी मात्र द्यायला हवी, आणि त्याने दाखवलेल्या जागी कोणी कधी जाऊन आलं हेही त्याच वहीत लिहिलं गेलं पाहिजे.